बरोक गाणं आणि नाच एकत्र करणारे छोटे ग्रुप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी द हेगला राहते, लहानपणी पुण्यात कथक शिकलेय, आणि इथल्या एका छोट्या ग्रुपच्या रिहर्सलला हार्प्सिकॉर्डवाल्याची (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य) पानं उलटायला आणि शोच्या वेळी वरच्या पट्टीवरचं भाषांतर चालवायला जाते. त्यामुळे नातेवाईक, कथकच्या मैत्रिणी, त्यांच्या मैत्रिणी असे सगळे तेच तेच प्रश्न पाठवत असतात, ते इथे एकत्र केलेत. नंबर दिलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहायला नको.

१. बरोक म्हणजे नक्की कधीचं संगीत?

ढोबळमानाने १६०० ते १७५०. आपल्या डोक्यातल्या सनावळीवर बसवायचं तर १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये ल्युलीचा 'आल्सेस्त' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. मोत्झार्ट, बेथोव्हेन हे सगळे नंतरचे. बरोकमध्ये खाली एक बासची ओळ सतत चालू असते, तिच्यावर हार्प्सिकॉर्डवाला किंवा थिऑर्बोवाला (लांबलचक मानेचा ल्यूट, स्टेजवर लगेच ओळखू येतो) जागेवरच स्वरसंगती भरत जातो, कागदावर फक्त बास आणि काही आकडे लिहिलेले असतात. म्हणजे इथेही उपज आहे, फक्त ती साथीदाराकडे जास्त.

२. छोटा ग्रुप म्हणजे किती माणसं?

दोन-तीन गायक, दोन नाचणारे, चार-पाच वाजवणारे, बस. सगळे मिळून दहाच्या आसपास. हे पैसे वाचवायला केलंय असं वाटतं (वाचतात, खोटं कशाला बोलू) पण यातलं बरंच संगीत लिहिलंच गेलं राजवाड्याच्या दिवाणखान्यासाठी. पॅरिसला गीझच्या डचेसकडे पदरी थोडे गायक-वादक होते, शार्पांतिए हा संगीतकार तिच्याच वाड्यात राहायचा आणि स्वतः त्या मंडळींत उंच आवाजात गायचा. त्याने १६८५ च्या सुमारास लिहिलेला 'ले झार फ्लोरिसां' हा छोटा ऑपेरा अशाच मोजक्या लोकांसाठी आहे, त्यात गाणाऱ्या पात्रांबरोबर नाचणारे योद्धेही आहेत. विल्यम क्रिस्टी यांनी १९७९ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध ग्रुपचं नाव यावरूनच आलंय.

३. गाणारेच नाचतात का? आपल्या संगीत नाटकात नट स्वतः गातो तसं?

बहुतेक वेळा नाही. संगीत नाटकात बालगंधर्व बोलतायत, गातायत, तेच पात्र आहेत. इथे बऱ्याचदा एका पात्राला दोन माणसं असतात, एक गळा आणि एक शरीर, कधी दोघं स्टेजवर शेजारी, कधी गायक बाजूला बसलेला. पहिली पाच मिनिटं गोंधळ होतो, कोणाकडे बघायचं कळत नाही, मग डोळा सरावतो. अपवाद आहेत, फार जुने आहेत, त्यातला सगळ्यात गंमतशीर नं. ९ मध्ये.

४. एकच गोष्ट बघायची तर कुठली बघू?

मोंतेव्हेर्दी या इटालियन संगीतकाराचं 'कोंबात्तिमेंतो दि तांक्रेदी ए क्लोरिंदा' (तांक्रेदी आणि क्लोरिंदाची लढाई). वीसेक मिनिटांचं आहे. १६२४ च्या कार्निव्हलमध्ये व्हेनिसला जिरोलामो मोचेनिगो नावाच्या सरदाराच्या वाड्यात पहिल्यांदा झालं, १६३८ ला छापलं, आणि छापताना मोंतेव्हेर्दीने सूचनांचं पानच जोडलं, म्हणून आपल्याला इतकं माहिती आहे. त्यात लिहिलंय की आधी नेहमीसारखी काही माद्रिगाल गाणी साधीच, हातवारे न करता गायची, आणि मग काही न सांगता एका बाजूने चिलखत घातलेली क्लोरिंदा पायी येते, तिच्यामागून तांक्रेदी खोट्या घोड्यावरून, आणि निवेदक गायला लागतो. म्हणजे समोर बसलेल्यांना कल्पनाच नाही की आता काहीतरी घडणार आहे!

गोष्ट तास्सोच्या महाकाव्यातली आहे. तांक्रेदी ख्रिश्चन योद्धा, क्लोरिंदा विरुद्ध बाजूची मुस्लिम योद्धा, तो तिच्या प्रेमात आहे पण रात्रीच्या अंधारात चिलखतामुळे ओळखत नाही आणि दोघं लढतात. तिला वर्मी घाव लागतो, ती बाप्तिस्मा मागते, तो शिरस्त्राणात ओढ्याचं पाणी आणतो, तिचा चेहरा उघडतो आणि तेव्हा त्याला कळतं.

आता छोट्या ग्रुपसाठी हे सोनं का आहे ते सांगते. गायक तीनच, आणि त्यातला निवेदक (तेस्तो) जवळजवळ सगळं एकटाच गातो, तांक्रेदी आणि क्लोरिंदाला मोजक्या ओळी. म्हणजे लढाई 'सांगितली' जाते गळ्याने आणि 'होते' शरीराने. सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की त्या दोघांनी पावलं आणि वार शब्द-वाद्यांच्या तालाबरोबर करायचे, निवेदकाने वाद्यांपासून जरा दूर उभं राहायचं म्हणजे शब्द नीट ऐकू येतील, आणि त्याने ताना-मुरक्या घ्यायच्या नाहीत, फक्त रात्रीला उद्देशून जे कडवं आहे तिथेच परवानगी. आमच्याकडे एका गायकाने रिहर्सलमध्ये सगळीकडे मुरक्या घातल्या तेव्हा नाचणारी मुलगी थांबलीच, म्हणाली, तू सजवत बसलास की माझा वार हवेत राहतो. मोंतेव्हेर्दीला हेच टाळायचं असणार असं तेव्हा मला पटलं.

आणि वाद्यं! एकच सूर एका मात्रेच्या जागी सोळा तुकड्यांत झपाझप वाजवायचा, रागाचा आवाज म्हणून, हे त्याने शोधलं असं तो स्वतः म्हणतो. प्रस्तावनेत तक्रार पण आहे की सुरुवातीला बास वाजवणाऱ्यांना एकच तार सोळा वेळा छेडणं हास्यास्पद वाटायचं म्हणून ते एकदाच वाजवून मोकळे व्हायचे 😄 पुढे एका ठिकाणी बो (गज) खाली ठेवून तारा दोन बोटांनी छेडायच्या असंही लिहिलंय, तलवारीच्या मुठीने आणि ढालीने मारामारी चालू होते तिथे.

५. कंडक्टर दिसत नाही, मग सगळे एकत्र कसे राहतात?

श्वासावर. हार्प्सिकॉर्डवाला किंवा पहिला व्हायोलिन खुणा करतो पण खरं काम श्वासाचं. नाचणारा उडी घ्यायच्या आधी गुडघ्यात वाकतो, गायक ओळ उचलायच्या आधी श्वास घेतो, या दोन्ही गोष्टी तालाच्या अलीकडे होतात, आणि त्या एकाच वेळी झाल्या तर पुढचं सगळं आपोआप बसतं (पुढचा मुद्दा नं. ६ मध्ये). म्हणून चांगल्या ग्रुपमध्ये गायकांना नाचाची तालीम देतात, स्टेजवर नाचायला नाही, वाकणं कुठे येतं ते अंगात भिनायला. मोठ्या ऑपेराहाऊसमध्ये नाचणारे वर आणि वादक खाली खड्ड्यात, तिथे हे होऊच शकत नाही, तिथे काठीवालाच लागतो. काठीवरून आठवलं, ल्युली जाड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा, १६८७ च्या जानेवारीत ती पायावर बसली, जखम चिघळली आणि मार्चमध्ये गेला बिचारा.

६. मी कथक करते. पावलांत मोठा फरक काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात आवडतो. कथकमध्ये समेवर पाय जमिनीत जातो, वजन खाली, घुंगरू वाजतात, सम ऐकू येते. फ्रेंच बरोक नाचात बरोब्बर उलटं, मात्रेच्या आधी गुडघे वाकतात आणि मात्रेवर शरीर वर उठतं, टाच जमिनीवरून सुटते. सम म्हणजे वर जाण्याचा क्षण. आणि आवाज करायचा नाही! पहिले काही महिने माझं शरीर प्रत्येक पहिल्या मात्रेला धपकन खाली जायचं, टीचर नुसती भुवई वर करायच्या.

पण एकदा हे कळलं की गाणं वेगळं ऐकू यायला लागतं. फ्रेंच गाण्यात जोराचा शब्द पहिल्या मात्रेवर येतो पण तो आपटून म्हणत नाहीत, उचलून म्हणतात, आणि मला वाटायचं ही त्यांची नाजूकपणाची फॅशन असेल. फॅशन नाहीये, खाली नाचणारा त्याच क्षणी वर उठतोय. नाच काढून टाकला आणि तेच गाणं नुसतं कॉन्सर्टमध्ये गायलं की गायक हळूहळू ती मात्रा जड करत जातात, ठिकठिकाणी ऐकलंय. या छोट्या ग्रुपांचं माझ्या मते खरं काम हेच आहे, नाच म्हणजे गाण्यावर लावलेली झालर नाही, गाण्याचं वजन कुठे आहे ते तो दाखवतो.

७. मिन्युएट तीन मात्रांचा ना? मग नाचणारे सहा का मोजतात?

बरोबर पकडलंत. संगीत तीन-तीन मात्रांचं, पण मिन्युएटचं एक पूर्ण पाऊल दोन आवर्तनं घेतं, म्हणजे सहा मात्रांत चार पावलं. त्यामुळे संगीताची प्रत्येक दुसरी सम नाचात 'सम' नसतेच. आणि गंमत म्हणजे १७०० च्या आसपासच्या कित्येक मिन्युएटमध्ये सुरांचे वाक्यांश आणि पावलं वेगवेगळ्या ठिकाणी संपतात, तबलजी-नर्तकी यांच्यात होतं तसं एक खेचाखेच चालू असते पण कोणी चिडत नाही.

८. तीनशे वर्षांपूर्वी असेच नाचायचे हे कशावरून? व्हिडिओ तर नव्हते.

लिहून ठेवलंय. राऊल-ओझे फय्ये याने १७०० मध्ये पॅरिसला नाच लिहायची पद्धत छापली, मूळ पद्धत बोशां या नृत्यगुरूची मानतात. कागदावर खोलीचा वरून काढलेला नकाशा, त्यात नाचणारा ज्या वाटेने जातो ती रेघ, रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूला पावलांच्या खुणा (वाकणं, उठणं, उडी, घसरणं, सगळ्याला वेगळी शेपटी), आणि पानाच्या वर त्या तुकड्याचं संगीत. रेघेवरच्या आडव्या काट्यांवरून कुठलं आवर्तन चालू आहे ते कळतं. जॉन वीव्हरने १७०६ ला त्याचं इंग्रजी केलं. अशा पद्धतीने लिहिलेले तीनशेहून जास्त नाच आज हातात आहेत.

त्यात पायांचं सगळं आहे, हातांचं जवळजवळ काही नाही, चेहऱ्याचं तर अजिबात नाही. हातांसाठी प्येर रामो याचं १७२५ चं पुस्तक बघतात. (हा प्येर नृत्यशिक्षक होता, संगीतकार ज्याँ-फिलिप रामो वेगळा, दोघांत गल्लत करू नका, छापील कार्यक्रमपत्रिकांतही होते.)

गाण्याशी थेट जोडलेलं उदाहरण हवं असेल तर ल्युलीच्या 'आर्मिद' (१६८६) मधला पासाकाय (एकच बासची ओळ पुन्हापुन्हा फिरते तो नाच). ऑपेरात तो आधी वाद्यांवर येतो आणि मग त्याच चालीवर गायक आणि कोरस गातात. याच संगीतावर नृत्यगुरू पेकूरने मादमोआझेल स्युब्लिन्यी हिच्यासाठी बसवलेला एकल नाच लिहिलेला सापडतो. छोट्या ग्रुपना तो फार प्रिय, कारण एक बाई, पाच वादक, दोन गायक आणि तुमच्याकडे पॅरिस ऑपेराचा एक तुकडा तयार.

९. पण फय्येची पद्धत १७०० ची आणि मोंतेव्हेर्दी १६२४ चा. मग नं. ४ मधला नाच कुठून आणतात?

बनवतात. सरळ उत्तर हेच. 'कोंबात्तिमेंतो'ची पावलं कुठेही लिहिलेली नाहीत, फक्त नं. ४ मधल्या सूचना आहेत. त्या काळच्या इटालियन नृत्यगुरूंच्या पुस्तकांतून आणि तलवारबाजीच्या पुस्तकांतून मालमसाला घेऊन कोरिओग्राफर नवीन रचतो. चांगले ग्रुप हे कार्यक्रमपत्रिकेत लिहितात, की यातलं अमुक जुन्या नोंदीवरून, अमुक आमचं. जे सगळ्यालाच 'अस्सल' म्हणतात त्यांच्यापासून जरा सांभाळून.

अपवाद, आणि काय अपवाद आहे: १५८९ मध्ये फ्लॉरेन्सला मेदिची घराण्यातल्या लग्नात जो मोठा सोहळा झाला त्याच्या शेवटच्या भागाचं संगीत एमिलिओ दे काव्हालिएरीचं, आणि त्यानेच बसवलेल्या नाचाचं वर्णन १५९१ ला संगीताबरोबर छापलं. म्हणजे गाणं आणि त्याचा नाच दोन्ही एकाच माणसाचे आणि दोन्ही शाबूत. त्यातल्या काही बायका गात, वाजवत आणि नाचत होत्या, तिन्ही एकाच वेळी. तांत्रिकदृष्ट्या हे बरोकच्या उंबरठ्याच्या बाहेर येतं पण सगळे ग्रुप करतात आणि कोणी तक्रार करत नाही. त्याच १५९१ साली मांतुआच्या गास्तोल्दीने पाच आवाजांची छोटी गाणी छापली, मुखपृष्ठावरच लिहिलंय की ही गायला, वाजवायला आणि नाचायला आहेत. सुरुवात करणाऱ्या हौशी ग्रुपसाठी याहून सोपं काही नाही, फा-ला-ला येतं तिथे नाचायचं.

१०. गायक कुठे उभे राहतात याला काही नियम आहे का?

नियम नाही पण मोंतेव्हेर्दीचं एक पत्र आहे, नोव्हेंबर १६१५ चं, 'तिर्सी ए क्लोरी' या गाण्या-नाचाच्या तुकड्याबद्दल. सगळ्यांना अर्धचंद्रात उभं करा, दोन टोकांना एकीकडे थिऑर्बो, दुसरीकडे हार्प्सिकॉर्ड, एक तिर्सीला साथ देईल, एक क्लोरीला. मधली जागा नाचाला मोकळी. आजही छोटे ग्रुप असाच अर्धचंद्र करतात, यात प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसतं, आणि ते का हवं ते नं. ५ मध्ये आलंय.

११. पट्टी कुठली? मी कीबोर्डवर वाजवून बघितलं तर सूर जुळत नाही.

तुमचा कीबोर्ड ठीक आहे. आजचा 'ए' हा सूर ४४० हर्ट्झला, बरोकवाले बहुतेक ४१५ ला लावतात, म्हणजे साधारण अर्धा सूर खाली. फ्रेंच ऑपेराचं काही करत असतील तर ३९२, अजून अर्धा खाली. ४१५ ही सोयीची आधुनिक तडजोड आहे, त्या काळी गावागणिक पट्टी वेगळी असायची. गायकांच्या दृष्टीने खालची पट्टी म्हणजे शब्द सुटे म्हणता येतात, उंच जागी ओढाताण होत नाही.

१२. तो पुरुष बाईच्या आवाजात का गातो?

दोन वेगळे प्रकार आहेत, एकच समजू नका. काउंटरटेनर हा बहुतेक खोट्या आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत गातो. फ्रेंच 'ओत-कोंत्र' हा मात्र खराच उंच टेनर असतो, शार्पांतिए स्वतः तो होता (नं. २). इटलीत बालपणीच शस्त्रक्रिया केलेले कास्त्रातो गायक मोठमोठ्या भूमिका करायचे, त्या भूमिका आज काउंटरटेनर किंवा बायका गातात. फ्रेंच ऑपेराने कास्त्रातोंना नायकाच्या भूमिका दिल्या नाहीत.

१३. बायका नाचायच्या का त्या काळी?

दरबारात सरदारांच्या बायका-मुली नाचायच्याच. पण पॅरिस ऑपेराच्या स्टेजवर व्यावसायिक नर्तकी पहिल्यांदा आल्या १६८१ ला, ल्युलीच्या 'ल त्रिओंफ द लामूर' मध्ये, आणि त्यात पुढे होती मादमोआझेल द ला फोंतेन. त्याआधी तिथे बाईची भूमिका मुखवटा लावून पुरुष नाचायचे. १७३४ मध्ये मारी साले हिने लंडनला पिग्मॅलियनच्या गोष्टीवर नाच केला तो साध्या मलमलीच्या कपड्यात, केस मोकळे सोडून, आणि त्याची जबरदस्त चर्चा झाली. त्याच वर्षी हँडलने तिच्यासाठी कॉव्हेंट गार्डनमध्ये गाण्याबरोबर नाच असलेला 'तेर्प्सिकोरे' लिहिला.

१४. पर्सेलच्या 'डायडो अँड ईनियस' मध्ये नाच आहे? मी तर फक्त शेवटचं रडगाणं ऐकलंय.

भरपूर आहे. या ऑपेराचा जुना ठाम पुरावा म्हणजे चेल्सीतल्या मुलींच्या बोर्डिंग शाळेतला प्रयोग, १६८९ च्या सुमाराचा, आणि ती शाळा चालवायचा जोसायस प्रीस्ट, जो स्वतः नृत्यदिग्दर्शक. तेव्हा नाच असणारच. छापील संहितेत कित्येक नाच लिहिलेत ज्यांचं संगीत आज मिळत नाही, उदाहरणार्थ गिटारवर वाजवायचे. प्रस्तावनेचं तर सगळंच संगीत हरवलंय. मग ग्रुप काय करतात? गिटारवाल्याला सांगतात, चालू कर काहीतरी त्याच बासवर. हे बेकायदेशीर वगैरे नाही, तिथे संहितेत नुसतं 'गिटारवर नाच' एवढंच आहे, म्हणजे तेव्हाही गिटारवाला हेच करत असण्याची शक्यता मोठी.

आता ते रडगाणं, मरायला निघालेल्या राणी डायडोचं. बासची ओळ पाच आवर्तनांची, प्रत्येकात तीन मात्रा, म्हणजे पंधरा मात्रांचं चक्र, अकरा वेळा फिरतं. आमच्या गुरुजींना मी हे सांगितलं तर ते लगेच पंचम सवारी मोजायला लागले. पण खुबी अशी की डायडोची ओळ बासच्या ओळीबरोबर संपत नाही, बास नव्याने सुरू होतो तेव्हा ती अजून मधेच असते. नाचणाऱ्याने कोणाबरोबर जायचं? बासबरोबर गेला तर तो नशिबासारखा वाटतो, गळ्याबरोबर गेला तर डायडोसारखा. दोन नर्तक असतील तर एकाने हे, एकाने ते, असं मी बघितलंय आणि अंगावर काटा आला होता.

नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिसने १९८९ मध्ये ब्रसेल्सला बसवलं त्यात त्याने स्वतः डायडो आणि चेटकीण दोन्ही नाचल्या, गायक स्टेजखाली. साशा वाल्ट्झच्या २००५ च्या प्रयोगात सुरुवातीला नर्तक पाण्याच्या प्रचंड टाकीत पोहतात, तिथे प्रत्येक पात्राला गळा वेगळा आणि शरीरं वेगळी, नं. ३ मध्ये म्हटलं तसं.

१५. 'ले झांद गालांत' म्हणजे भारतावरचा ऑपेरा ना? आपल्याकडचं काय आहे त्यात?

काही नाही 😅 रामोचा हा १७३५ चा ऑपेरा-बाले, आणि नावातलं 'आंद' म्हणजे त्यांच्या दृष्टीने दूरदूरचे सगळे देश. एक भाग हिंदी महासागरातल्या तुर्की बेटावर, एक पेरूमध्ये, एक इराणमध्ये, आणि १७३६ ला जोडलेला चौथा उत्तर अमेरिकेत. त्या चौथ्या भागातलं गाणं मात्र आपल्या विषयाचं अस्सल उदाहरण आहे. १७२५ ला पॅरिसच्या एका थिएटरात लुइझियानाहून आणलेले दोन मूलनिवासी नाचले, रामोने ते बघून आधी हार्प्सिकॉर्डसाठी तुकडा लिहिला, मग दहाएक वर्षांनी त्याच चालीवर शब्द चढवून द्वंद्वगीत आणि कोरस केला. म्हणजे आधी नाच, मग वाद्य, मग गळा. त्या दोन नर्तकांना काय मिळालं हा प्रश्न आज विचारायलाच हवा, आणि हल्लीचे बरेच ग्रुप विचारतात.

१६. त्यावर हिप-हॉपसारखा नाच केलेला व्हिडिओ फिरतोय, तो चालतो का? मग बरोक कुठे राहिलं?

तो क्रम्प (अमेरिकन स्ट्रीट डान्सचा एक प्रकार) आहे, क्लेमां कोजितोर यांच्या २०१७ च्या छोट्या फिल्ममधला, पुढे २०१९ ला पॅरिसच्या बास्तीय ऑपेराहाऊसमध्ये पूर्ण ऑपेरा तसाच झाला, कोरिओग्राफी बिंतू देंबेले यांची. मला विचाराल तर चालतो, आणि कारण नं. ६ मधलंच. क्रम्पवाले त्या संगीताचं वजन नेमकं पकडतात, आणि कुठलंही बरोक पाऊल न वापरता. उलट पाटलोणी-विग घालून संगीताकडे दुर्लक्ष करत ठराविक पावलं टाकणारे प्रयोगही बघितलेत, ते मला कमी बरोक वाटतात. अर्थात यावर भांडणारे लोक आहेत, त्यांनी मला मेसेज करू नये.

१७. सॅराबँड संथ असतो असं वाचलं, पण तुमच्या क्लिपमध्ये धावतोय?

देश आणि काळ बघा. स्पेनमध्ये तो जलद, गिटारवर गायचा-नाचायचा प्रकार होता आणि इतका वाह्यात मानला जायचा की १५८३ ला माद्रिदमध्ये त्याच्यावर बंदी आली. फ्रान्समध्ये जाऊन तो हळूहळू गंभीर झाला. तीच कथा शाकोनची (हाही फिरत्या बासवरचा नाच). मोंतेव्हेर्दीचं 'झेफिरो तोर्ना' दोन टेनरसाठी शाकोनच्या बासवर आहे आणि ते ऐकून पाय हलले नाहीत तर डॉक्टरांकडे जा.

१८. 'बाल्लो देल्ले इंग्राते' चं भाषांतर वाचलं, प्रेमाला नकार देणाऱ्या बायकांना नरकात टाकलंय! हे आज कसं करतात?

हो, तसंच आहे. १६०८ ला मांतुआच्या राजपुत्राच्या लग्नासाठी मोंतेव्हेर्दीनेच लिहिलेलं, समोर बसलेल्या बायकांना उपदेश. त्या बायकांचे आत्मे वर येऊन नाचतात, परत जातात, आणि जाताना एकजण मागे वळून जे गाते ते इतकं अफाट आहे की टाकून देववत नाही. काही ग्रुप शब्द तसेच ठेवतात आणि नाच शब्दांच्या विरुद्ध नेतात, पाताळाचा राजा प्लूटो उपदेश करत असताना बायका त्याच्याकडे बघतच नाहीत. गळा आणि शरीर वेगळं असण्याचा (नं. ३) इतका चांगला उपयोग दुसरीकडे नाही. शब्द बदलून गोड करणं मला पटत नाही.

१९. बाख चालतो का?

बाखने ऑपेरा लिहिला नाही, त्याचे मिन्युएट-जीग बहुतेक ऐकायचे, नाचायचे नाहीत. पण 'मॅथ्यू पॅशन'चा शेवटचा कोरस सॅराबँडच्या चालीचा आहे, एकदा कळलं की तसाच ऐकू येतो. म्हणून ग्रुप बाखवर नाच बसवतात, ती पूर्णपणे त्यांची निर्मिती, नं. ९ चा नियम इथेही.

२०. गोव्याचा मांडो बरोकचाच वंशज का? आणि भारतात हे कुठे बघायला मिळेल?

मांडो एकोणिसाव्या शतकातला, तोही गायचा आणि नाचायचा, पण बरोकशी त्याचं सरळ नातं लावू नका. खरा धागा चर्चच्या शाळांचा, पोर्तुगीज काळात गोव्यातल्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन, कोरस शिकवायचे, त्यातून पिढ्यानपिढ्या वाचून गाणारे लोक तयार झाले. बघायचं असेल तर जुन्या गोव्यात मोंतच्या चॅपेलमध्ये फुंदासाओ ओरिएंते या पोर्तुगीज संस्थेचा मोंते संगीत महोत्सव होतो, तिथे भारतीय आणि पाश्चात्त्य गाणं आणि नाच शेजारी शेजारी असतात. मुंबईत एनसीपीएचं वेळापत्रक बघत राहा. परदेशात असाल तर उट्रेख्टचा जुन्या संगीताचा महोत्सव (उन्हाळ्याच्या शेवटी), इन्सब्रुकचा ऑगस्टमधला, आणि अमेरिकेत बॉस्टनचा, जो वर्षाआड जूनमध्ये असतो. न्यूयॉर्कला १९७६ पासून बरोक नाचाची स्वतंत्र कंपनी आहे.

२१. भरतनाट्यम-कथकवाल्यांना शिकायला सोपं जातं का?

ताल, आवर्तन, लक्षात ठेवणं, पाय आणि हात वेगळे चालवणं, हे सगळं आयतं. जड जातं ते वर उठणं (नं. ६) आणि अभिनय आवरणं. टाचेचे बूट मिळाले की पहिल्या दिवसापासून घालून सराव करा, अनवाणी शिकून मग बूट घातले तर सगळं परत शिकावं लागतं.

२२. आमच्या इथल्या चर्चने हॉल देऊ केलाय. नाच तिथे होईल का?

पाद्रींना आधी नाच आहे हे स्पष्ट सांगा, 'कॉन्सर्ट' म्हणून बुकिंग करून मग तलवारी आणू नका, आणि वेदीसमोरची जागा वापरायची का ते त्यांनाच ठरवू द्या. पण खरी अडचण जमिनीची. दगडी फरशीवर उड्या मारून गुडघे जातात, आणि फ्रेंच पावलांत उड्या बऱ्याच आहेत. लाकडी तुकड्यांची फरशी भाड्याने घ्या, खाली फेल्ट घाला नाहीतर टाचांचा आवाज थिऑर्बोवर बसतो. हिवाळ्यात हीटिंग दोन तास आधी चालू करायला सांगा, तापमान बदलत राहिलं की तारा सुरात राहत नाहीत आणि मग प्रत्येक तुकड्याआधी सूर लावत बसावं लागतं. आणि भाड्यात हीटिंग धरलंय का ते लेखी घ्या.